ऑप्टिमस, मेगाट्रॉन आणि स्टारस्क्रीम : यंत्रमानवांच्या सत्तासंघर्षाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात वाचनालयांच्या बालविभागात आणि उन्हाळी सुट्टीतील शिबिरांत मी ट्रान्सफॉर्मर्सच्या कथा मराठीतून सांगतो. परभणी, नांदेड, लातूर आणि जालना या भागांतील मुले, त्यांचे पालक आणि शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या कथा 1984 पासून दूरचित्रवाणी मालिका, चित्रकथा आणि चित्रपट अशा अनेक रूपांत सांगितल्या गेल्या असून प्रत्येक रूपात काही गोष्टी बदलतात. म्हणून कोणती घटना कोणत्या रूपातील आहे, याचा उल्लेख शक्य तेथे केला आहे.

हे युद्ध नेमके कोणाकोणात आहे?

सायबरट्रॉन नावाच्या धातूच्या ग्रहावर राहणाऱ्या, स्वतःचे रूप बदलू शकणाऱ्या यंत्रमानवांच्या दोन पक्षांत. ऑप्टिमस प्राइम हा ऑटोबॉट पक्षाचा आणि मेगाट्रॉन हा डिसेप्टिकॉन पक्षाचा नेता आहे. एनर्जॉन हे त्यांचे इंधन. ग्रहावरील त्याचा साठा संपत आल्यामुळे दोन्ही पक्ष बाहेर पडले आणि पृथ्वीवर येऊन आदळले. मूळ मालिकेनुसार तेथे ते 40 लाख वर्षे निपचित पडून राहिले आणि 1984 मध्ये जागे झाले.

ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन यांचे वैर कसे सुरू झाले?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत बरेच बदलत गेले आहे. मूळ मालिकेत ऑप्टिमस हा आधी ओरायन पॅक्स नावाचा, गोदीवर काम करणारा साधा तरुण होता. मेगाट्रॉन हा त्या काळी नव्याने दिसू लागलेल्या, उडू शकणाऱ्या यंत्रमानवांपैकी एक होता आणि ओरायनला त्याचे भारी कौतुक वाटत असे. त्याच मेगाट्रॉनने गोदामातील ऊर्जेसाठी त्याला मरणासन्न केले आणि अल्फा ट्रायन या वृद्ध जाणत्याने त्याची नव्याने घडण करून त्याला ऑप्टिमस प्राइम बनवले. या कथेत मेगाट्रॉन प्रथमपासूनच दुष्ट आहे. तो तसा का झाला, हे विचारण्याची सोय तेथे नाही.

पुढील लेखकांनी ही उणीव भरून काढली. 2010 मध्ये सुरू झालेल्या मालिकेत मेगाट्रॉन हा केऑन नगरीच्या आखाड्यात लढणारा योद्धा आहे, तर ओरायन हा आयकॉन नगरीच्या दप्तरखान्यातील कारकून आहे. जन्मावरून प्रत्येकाचे काम ठरवून देणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध मेगाट्रॉन प्रथम आवाज उठवतो, ओरायन त्याचे म्हणणे मनापासून ऐकतो आणि दोघे एकमेकांना भावासारखे मानू लागतात. फाटाफूट होते ती परिषदेसमोर. मेगाट्रॉन तेथे जुनी सत्ता उलथून स्वतःला नेतेपद मिळावे, अशी मागणी करतो. ओरायन मात्र न्यायाची मागणी शांतपणे मांडतो आणि परिषद प्राइमपदासाठी, म्हणजे सर्वोच्च नेतेपदासाठी, ओरायनला योग्य ठरवते. मेगाट्रॉनला त्यात विश्वासघात दिसतो. 2024 च्या चित्रपटात दोघेही खाणीत राबणारे कामगार आहेत. ज्या सेंटिनेल प्राइमला ते देवासारखे मानत होते तोच फितूर निघाल्यावर एकाला न्याय हवा असतो आणि दुसऱ्याला सूड. सेंटिनेलला वाचवण्यासाठी नव्हे, तर आपल्या मित्राच्या हातून खून होऊ नये म्हणून ओरायन मध्ये पडतो, तो घाव स्वतःवर घेतो आणि ज्याच्यासाठी हे केले तो मित्रच अखेर त्याचा धरलेला हात सोडून देतो.

मुलांना ही कथा सांगताना मी नेहमी या शेवटच्या प्रसंगावर थांबतो, कारण मेगाट्रॉनची तक्रार खरी आहे, हे समजल्याशिवाय पुढच्या युद्धाला काही अर्थ राहत नाही. अन्याय झालाच नव्हता असे ऑप्टिमस कधीही म्हणत नाही; अन्याय दूर करण्याच्या निमित्ताने सत्ता एका मुठीत जावी, हे मात्र तो मान्य करत नाही.

स्टारस्क्रीम कोण आहे आणि त्याची एवढी चर्चा का होते?

स्टारस्क्रीम हा डिसेप्टिकॉनांच्या हवाई दलाचा सरदार आणि मेगाट्रॉनचा दुय्यम सेनापती आहे. मूळ मालिकेत तो एफ-15 या लढाऊ विमानाचे रूप घेतो. युद्धापूर्वी तो वैज्ञानिक होता आणि स्कायफायर नावाच्या मित्राबरोबर दूरदूरच्या ग्रहांचा शोध घेत असे. तशाच एका मोहिमेत पृथ्वीवर आलेला स्कायफायर उत्तर ध्रुवाच्या बर्फात गडप झाला. ही बाजू अनेकांना ठाऊक नसते. ज्याला एके काळी ज्ञानाची ओढ होती, त्याला पुढे केवळ पहिल्या क्रमांकाची ओढ उरली.

त्याची चर्चा होते ती त्याच्या उघड महत्त्वाकांक्षेमुळे. मेगाट्रॉन जखमी झाला, अडकला किंवा नुसता नजरेआड झाला, तरी स्टारस्क्रीम लगेच स्वतःला नेता जाहीर करतो. मालिकेच्या पहिल्याच भागात त्याच्या स्वभावाचा एक मासला दिसतो, तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. ज्वालामुखीच्या पोटात कोसळलेल्या यानातील यंत्रणा जागी होते आणि योगायोगाने प्रथम डिसेप्टिकॉनांची दुरुस्ती होते. ते बाहेर पडतात. ऑटोबॉट आत निपचित पडलेले असतात. तेथून मुकाट्याने निघून जाणे पुरेसे होते. पण स्टारस्क्रीम जाता जाता डोंगरावर गोळ्या झाडतो, त्या हादऱ्याने आतला ढिगारा हलतो, ऑप्टिमसचे शरीर दुरुस्तीच्या किरणाखाली सरकते आणि पाठोपाठ सारे ऑटोबॉट जागे होतात. म्हणजे पृथ्वीवरील सगळा संघर्ष एका सरदाराच्या मिरवण्याच्या हौसेतून उभा राहिला आहे.

मग मेगाट्रॉन त्याला ठार का करत नाही?

याचे सरळ उत्तर असे, की मालिका चालू राहण्यासाठी लेखकांना तो हवा होता. परंतु कथेच्या आत डोकावले, तर त्याहून पटणारी कारणे सापडतात.

पहिले कारण म्हणजे त्याची उपयुक्तता. त्याच्याइतका तरबेज लढवय्या मेगाट्रॉनकडे दुसरा नाही, आणि थंडरक्रॅकर व स्कायवॉर्प यांसारखे उडणारे योद्धे त्याच्याच हाताखाली आहेत. दुसरे कारण अधिक खोल आहे. उघडपणे डाव खेळणारा प्रतिस्पर्धी जवळ असला, की बाकीच्यांची असंतुष्टता त्याच्याभोवती गोळा होते आणि ती नेत्याच्या नजरेसमोर राहते. त्याला संपवले, तर तीच असंतुष्टता मूक राहणाऱ्या, अधिक धोकादायक माणसाकडे वळेल. तिसरे कारण मेगाट्रॉनच्या अहंकारात आहे. दररोज आव्हान देणाऱ्याला दररोज नमवणे, हाच त्याच्या सत्तेचा पुरावा आहे, आणि तो पुरावा त्याला आपल्या सैन्यापुढे वारंवार मांडावा लागतो, कारण डिसेप्टिकॉनांच्या राज्यात नेतेपदाला बळाखेरीज दुसरा कोणताही आधार नाही.

एकदा मेगाट्रॉनने त्याला पॅसिफिक महासागरातील ग्वाडलकॅनल बेटावर हद्दपार केले होते. तेथे दुसऱ्या महायुद्धातील गंजलेली लष्करी वाहने पडून होती. स्टारस्क्रीमने त्यांना शरीरे म्हणून वापरले, डिसेप्टिकॉनांच्या बंदिशाळेतील जुन्या बंडखोरांच्या चेतना त्यांत घातल्या आणि कॉम्बॅटिकॉन नावाची स्वतःची तुकडी उभी केली. रिकाम्या बेटावर, भंगारातून, एकट्याने सैन्य उभारणारा हा प्राणी विदूषक नव्हे. त्याला केवळ किंचाळणारा भित्रा सरदार म्हणून दाखवणारी रूपे मला म्हणूनच अपुरी वाटतात.

1986 च्या चित्रपटात गादीसाठी जे भांडण होते, ते नेमके काय आहे?

या विषयातील हा सर्वांत समृद्ध प्रसंग आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. कथेतील साल 2005 आहे. ऑटोबॉट नगरीवरील हल्ल्यात ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन यांचे द्वंद्व होते. दोघेही जबर जखमी होतात. डिसेप्टिकॉन माघार घेतात आणि ॲस्ट्रोट्रेन या साथीदाराच्या पोटात बसून सायबरट्रॉनकडे निघतात. वाटेत ॲस्ट्रोट्रेन सांगतो, की वजन कमी केले नाही, तर आपण पोहोचणार नाही. तेव्हा स्टारस्क्रीम मत मागतो. धडधाकट असलेले एका सुरात होकार देतात, जखमी असलेले नकार देतात, आणि धडधाकट जखमींना उचलून अंतराळात फेकून देतात. मतदानाचा देखावा आणि दंडेलीचा निकाल यांचे असे चित्र मुलांच्या चित्रपटात क्वचितच पाहायला मिळते. मेगाट्रॉनला बाहेर फेकण्याचे काम स्टारस्क्रीम स्वतः करतो.

दार बंद होताच पुढचा प्रश्न उभा राहतो : आता नेता कोण? साउंडवेव्ह हा सरदार दावा सांगतो, कन्स्ट्रक्टिकॉन ही तुकडी दावा सांगते, आणि त्या अरुंद जागेत सर्वजण एकमेकांवर तुटून पडतात. नेत्याला फेकून देताना ज्यांचे एकमत होते, त्यांचे त्याच्या जागी कोणाला बसवावे यावर एकमत होत नाही.

अखेर स्टारस्क्रीम बाजी मारतो आणि सायबरट्रॉनवर त्याचा राज्याभिषेक होतो. मुकुट आहे, झगा आहे, तुताऱ्या आहेत. त्या तुताऱ्या इतका वेळ वाजत राहतात, की तोच वैतागतो. तेवढ्यात गॅल्व्हट्रॉन येतो. अंतराळात तरंगणाऱ्या मेगाट्रॉनला युनिक्रॉन या ग्रहभक्षकाने मॅट्रिक्स, म्हणजे ऑटोबॉट नेत्यांचे वारसाचिन्ह, नष्ट करण्याच्या अटीवर नवे शरीर दिलेले असते, आणि तोच हा. तो तोफेचे रूप घेतो, एक बार उडवतो आणि स्टारस्क्रीमची राख होते. त्यानंतर तो जमावाला विचारतो, की आणखी कोणाला ही जागा हवी आहे काय. सगळे त्याचा जयजयकार करू लागतात. हेच लोक थोड्या वेळापूर्वी त्याला फेकून देण्याच्या बाजूने होते.

ऑप्टिमसला त्या चित्रपटात का मारले?

याचे कारण व्यापारी होते. जपानच्या ताकारा कंपनीची खेळणी अमेरिकेच्या हॅसब्रो कंपनीने 1984 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणली होती. 1986 पर्यंत जुनी खेळणी मागे घेऊन नवी पुढे आणायची होती, त्यामुळे जुनी पात्रे कथेतून काढली गेली. मुलांना तो मृत्यू इतका लागला, की पालकांच्या तक्रारी आल्या आणि 1987 मध्ये मालिकेत ऑप्टिमसला परत आणावे लागले. एका खेळण्याच्या मृत्यूवर मुले रडतील, असे कंपनीला वाटले नव्हते. मुलांसाठी मात्र तो खेळणे राहिलेलाच नव्हता.

ऑटोबॉटांमध्ये सत्तेसाठी भांडणे होत नाहीत काय?

होतात, आणि ती सांगितलीच पाहिजेत, नाहीतर एक पक्ष सोन्याचा आणि दुसरा कोळशाचा अशी खोटी समजूत होते. मालिकेत नेतृत्वाचे मॅट्रिक्स हे एका नेत्याकडून दुसऱ्याकडे जाणारे वारशाचे चिन्ह आहे. मरणाऱ्या ऑप्टिमसने ते अल्ट्रा मॅग्नस या साथीदाराच्या हाती दिले, पण ऐन संकटात मॅग्नसला ते उघडता आले नाही. उघडले ते हॉट रॉड या उतावळ्या तरुणाने, ज्याच्या मध्ये पडण्यामुळेच ऑप्टिमसला प्राणघातक घाव बसला होता. तो रॉडिमस प्राइम झाला आणि पुढे मालिकाभर आपण या जागेला लायक आहोत की नाही, या शंकेने पोळत राहिला. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की मॅग्नसने गादी गेल्याचा राग धरला नाही.

मार्व्हलच्या चित्रकथेत मात्र मॅट्रिक्सचा असा निवाडा नाही आणि तेथे ऑटोबॉटांचीही पंचाईत झालेली दिसते. ऑप्टिमसच्या मृत्यूनंतर तेथे ग्रिमलॉक हा ऑटोबॉट नेता होतो. तो पराक्रमी आहे, परंतु डोक्यावर मुकुट घालून राजासारखा वागू लागतो आणि स्वतःच्या माणसांना धाकात ठेवतो. त्याच्या जुलमाला कंटाळून ब्लास्टर हा दुसरा ऑटोबॉट पक्ष सोडतो, आणि पुढे चंद्रावर दोघांचे द्वंद्व होते. त्या द्वंद्वाच्या वेळी डिसेप्टिकॉन चाल करून येतात. बाहेरचा शत्रू दाराशी असताना घरातले दोघे एकमेकांचा गळा धरून उभे आहेत, हे दृश्य ऑटोबॉटांच्या वाट्यालाही आले आहे.

दोन नेत्यांमधील फरक मुलांना एका प्रसंगातून दाखवायचा असेल, तर कोणता निवडावा?

मूळ मालिकेच्या पहिल्या हंगामाच्या अखेरचा द्वंद्वाचा प्रसंग निवडावा. जुन्या रिवाजाप्रमाणे दोन्ही नेत्यांनी एकट्याने लढायचे आणि हरणाऱ्याच्या पक्षाने पृथ्वी सोडून जायचे, असे मेगाट्रॉन सुचवतो. मग तो गुपचूप आपल्या सर्व योद्ध्यांच्या शक्ती स्वतःत उतरवून घेतो आणि जिंकतो. ऑप्टिमसला ही लबाडी ठाऊक नसते. तो हार मान्य करतो आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे निघण्याची तयारी करतो. लबाडी उघड होते ती त्यानंतर. हरल्यावरही शब्द पाळायला निघालेला नेता मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

शॉकवेव्हचे काय?

हा डिसेप्टिकॉन सरदार महत्त्वाकांक्षी नाही, तर्कनिष्ठ आहे. मालिकेत तो 40 लाख वर्षे निष्ठेने सायबरट्रॉन सांभाळतो. चित्रकथेत मात्र मेगाट्रॉन दुबळा झाला आहे, म्हणून नेतृत्व माझ्याकडे येणे तर्कशुद्ध आहे, असे सांगून ते सरळ काढून घेतो.

आपल्याकडच्या इतिहासात अशा सत्तासंघर्षाचे उदाहरण आहे काय? (शिक्षकांचा प्रश्न)

दौलताबादचा किल्ला पाहिलेल्या मुलांना मी निजामशाहीच्या अखेरच्या काळाची आठवण करून देतो. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने परांड्याला दुसऱ्या मूर्तजा निजामशाहाला गादीवर बसवले. समोर मोगल फौजा उभ्या होत्या, तरीही राज्यातच मलिक अंबर आणि राजू दख्खनी हे दोन सरदार वर्चस्वासाठी झगडत राहिले. काही वर्षांनी अंबरने राजूला कैद केले, तेव्हाच तो मोगलांकडे पूर्ण लक्ष देऊ शकला. त्यानेच खडकी वसवली, जे आजचे छत्रपती संभाजीनगर. 1626 मध्ये तो वारला. त्याचा मुलगा फतेखान याने पुढे निजामशाहालाच ठार केले, एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि 1633 मध्ये दौलताबाद मोगलांना मिळाले.

साम्य दाखवताना फरकही दाखवावा. मलिक अंबर स्वतः गादीवर बसला नाही. त्याने महसुलाची घडी बसवली, नगर वसवले, नहरीने पाणी आणले. स्टारस्क्रीमला मुकुट हवा असतो आणि मुकुट मिळाल्यावर करायचे काय, याचा त्याने विचारच केलेला नसतो. म्हणून मलिक अंबरला स्टारस्क्रीमच्या पंगतीला बसवणे अन्यायाचे होईल. साम्य आहे ते व्यक्तींत नव्हे, तर दाराशी शत्रू असताना घरात चाललेल्या झगड्यात.

जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यावरून ते कोणत्या पक्षाचे, हे कसे ओळखावे?

छातीवरील किंवा पंखावरील चिन्ह पाहावे. ऑटोबॉटांचे चिन्ह बहुधा तांबडे असून रुंद, शांत चेहऱ्यासारखे दिसते. डिसेप्टिकॉनांचे जांभळे, टोकदार आणि खाली निमुळते होत गेलेले असते. 1985 पासून अस्सल खेळण्यांवर एक लहान काळपट चौकोन लावला जात असे. त्यावर अंगठा घासला, की उष्णतेने आतले चिन्ह उमटत असे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा उरुसात मिळणाऱ्या स्वस्त नकलांवर कधी चिन्हच नसते, तर कधी ट्रकच्या छातीवर डिसेप्टिकॉनांची चकती चिकटवलेली असते. मुले त्यावरून वाद घालतात आणि अशा ट्रकला फितूर ठरवून नवी कथा रचतात, त्यांना तसे करू द्यावे.

स्नेहसंमेलनात हे नाटक बसवायचे आहे, पण सर्वांनाच ऑप्टिमस व्हायचे आहे. काय करावे?

ज्या मुलाचा आवाज खडा आणि पाठांतर पक्के आहे, त्याला स्टारस्क्रीम द्यावा. सर्वाधिक बोलणे, रंग बदलणे, शरण येणे आणि पुन्हा उसळणे त्याच्याच वाट्याला आहे. ऑप्टिमसला कमी बोलून उभे राहायचे असते. त्यासाठी वर्गातील शांत मुलगा किंवा मुलगी निवडावी. ॲस्ट्रोट्रेनमधील मतदानाचा प्रसंग प्रेक्षकांत बसलेल्या मुलांसह करता येतो आणि गावोगावी तोच सर्वांत चांगला रंगतो, कारण आपण होकार दिला म्हणून कोणीतरी फेकले गेले, हे कळल्यावर प्रेक्षक गप्प होतात.

नेतेपदासाठी लढणारा प्रत्येक जण वाईटच ठरतो काय?

नाही. 1996 च्या मालिकेतील डायनोबॉट हे त्याचे उत्तर आहे. तो आपल्या प्रेडाकॉन पक्षाच्या नेत्याला उघड आव्हान देतो, तेथून फुटतो, मग विरोधी पक्षाच्या ऑप्टिमस प्रायमललाही (हा ऑप्टिमस प्राइमहून वेगळा) नेतेपदासाठी ललकारतो आणि त्याची पारख पटल्यावर त्याचे नेतृत्व स्वीकारतो. पुढे आदिमानवांचा बचाव करताना तो एकट्याने लढून मरतो.

मेगाट्रॉन आणि स्टारस्क्रीम यांच्यात कधी बदल होतो काय?

2005 ते 2018 या काळात प्रसिद्ध झालेल्या चित्रकथांत दोघांचेही बदल दाखवले आहेत. तेथे मेगाट्रॉन 2014 मध्ये स्वतःच ऑटोबॉटांचे चिन्ह लावतो. लाखो वर्षांच्या संहाराची जबाबदारी तो नाकारत नाही, आणि त्याचे नवे साथीदारही ती विसरत नाहीत. त्याला क्षमा मिळाली की नाही, हे लेखक घाईने ठरवत नाहीत.

स्टारस्क्रीमला तेथे अखेर हवे ते मिळते. युद्धाला विटून ग्रहावर परतलेले तटस्थ नागरिक त्याला पाठिंबा देतात आणि तो सायबरट्रॉनचा शासक होतो. आता खाली ढकलायला वर कोणी नसतो. रस्ते, इंधन, निर्वासित, वसाहतींचे प्रतिनिधी असे प्रश्न समोर येतात. तो कारस्थाने सोडत नाही, पण राज्यही चालवतो, आणि एकांतात त्याला बंबलबी हा मृत ऑटोबॉट दिसू लागतो, जो त्याच्याशी बोलतो आणि त्याच्या खोटेपणावर बोट ठेवतो. पुढे त्याची कृत्ये उघडकीस येऊन त्याची सत्ता जाते. 2018 मध्ये युनिक्रॉन ग्रह गिळायला येतो, तेव्हा हाच स्टारस्क्रीम इतरांसाठी स्वतःचा जीव देतो. ज्यांनी त्याला केवळ मालिकेत पाहिले आहे, त्यांनी या चित्रकथा मिळवून अवश्य वाचाव्यात. लहान मुलांपेक्षा आठवी-नववीच्या पुढील वाचकांना त्या अधिक मानवतील.